वृद्ध रुग्णांच्या काळजीसाठी कर्मचाऱ्यांना कसं तयार करावं

वृद्धांच्या काळजीचं प्रशिक्षण सहसा आजारांच्या यादीने सुरू होतं. मधुमेहावर एक तास, सांधेदुखीवर एक तास, स्मृतिभ्रंशावर एक तास आणि शेवटी लेखी परीक्षा. परीक्षेत सगळे पास होतात, पण वॉर्डातलं काम आधी होतं तसंच चालू राहतं. याचं कारण असं की ऐंशीच्या घरातला माणूस पाठ्यपुस्तकातली लक्षणं घेऊन येत नाही. न्यूमोनिया असतो, पण ताप नसतो. हार्ट अटॅक येतो, पण छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो. नातेवाईक एवढंच सांगतात की "परवापर्यंत स्वतः उठत होत्या, आता उठवत नाही." हे वाक्य ऐकल्यावर ज्याचे कान टवकारतात, तो कर्मचारी तयार झाला असं समजावं. म्हणून सगळं प्रशिक्षण एकाच प्रश्नाभोवती बांधायचं: हा माणूस दोन आठवड्यांपूर्वी काय काय करत होता, आणि आज त्यातलं काय थांबलं?

गट आणि वेळ

एका गटात ८ ते १० जण घ्या आणि गट मिश्र ठेवा: डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, आणि मदतनीस तर हवेतच. मदतनिसांना वगळणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. आंघोळ घालताना, कपडे बदलताना, भरवताना बदल सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येतो. पण तो कुणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचा हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं, आणि सांगितलं तरी ऐकून घ्यायची सवय बाकीच्यांना नसते. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत शिकाव्या लागतात.

दिवसभराची कार्यशाळा टाळा. ४५ मिनिटांची सहा सत्रं, आठवड्याला एक, शिफ्ट बदलायच्या वेळेला जोडून, आणि शक्यतो वॉर्डातच घ्या. प्रत्येक सत्रातली १५ मिनिटं बोलणं, उरलेली अर्धा तास प्रत्यक्ष काम. दोन सत्रांच्या मध्ये प्रत्येकाने एका रुग्णावर तीच गोष्ट करून आणायची. वॉर्डच्या इन्चार्जना पहिल्या गटात बसवा. त्या शिकल्या नसतील तर शिकून आलेल्यांना "इथे असं चालत नाही" हे उत्तर मिळतं आणि सगळं तिथेच संपतं.

पहिलं सत्र: पूर्वस्थिती विचारणं

पूर्वस्थिती म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी माणूस रोजची कोणती कामं करत होता. ती दोन पातळ्यांवर तपासायची. पहिली पातळी शरीराची: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीवर जाणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतः जेवणं. ही सहा कामं सिडनी कॅट्झ यांच्या १९६३च्या मापनपट्टीतून आली आहेत आणि आजही पुरतात. दुसरी पातळी स्वतंत्र राहण्याची: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार. लॉटन आणि ब्रॉडी यांनी ही आठ कामं १९६९मध्ये मांडली. आधी दुसऱ्या पातळीवरची कामं सुटतात, आणि बहुधा औषधं आणि पैसे यांतच पहिली गडबड दिसते.

प्रश्न कसा विचारायचा हे करून दाखवा, कारण चूक तिथेच होते. "आंघोळ स्वतः करता का?" असं विचारलं की जवळपास सगळे "हो" म्हणतात. अवलंबून आहोत हे सांगायला कुणालाच आवडत नाही. त्याऐवजी विचारा, "काल आंघोळ कशी केलीत? पाणी कुणी काढलं? पाठ कुणी चोळली?" उत्तर आपोआप खरं येतं. नोंद करताना दोन रकाने ठेवा, "करू शकतात" आणि "खरोखर करतात". बरेचदा घरचे प्रेमापोटी सगळं हातात देतात आणि जमणारं कामही बंद पडतं. तो फरक कळला की फिजिओथेरपिस्टला नेमकं काय परत मिळवायचं ते समजतं.

आधी रुग्णाला विचारा, मग नातेवाइकांना, आणि दोघांचं उत्तर वेगळं आलं तर दोन्ही लिहा. रुग्णाच्या डोक्यावरून नातेवाइकाशी बोलणं कुठेही दिसलं तर प्रशिक्षकाने तिथेच थांबवावं. हाक काय मारायची तेही त्यांनाच विचारावं. सरसकट "आजी" किंवा "बाबा" म्हणणं काहींना आपलेपणाचं वाटतं, काहींना मुळीच नाही. "अहो"चं "अगं" तर कधीच होऊ नये.

दुसरं सत्र: ऐकू येणं, दिसणं, बोलणं

वयानुसार कमी होणारं ऐकू येणं आधी उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतं. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं हरवतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. ओरडलं की आपला आवाज आणखी उंच पट्टीत जातो, शब्द फाटतात आणि चेहरा रागावलेला दिसतो. म्हणून समोर बसा, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसा, मास्क काढणं शक्य असेल तर काढा, आवाज खालच्या पट्टीत ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. कळलं नाही तर तेच वाक्य जोरात न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे का, चालू आहे का, बॅटरी आहे का, हे रोज सकाळी पाहायची जबाबदारी एका ठरावीक माणसावर द्या. सगळ्यांची जबाबदारी असली की यंत्र ड्रॉवरमध्येच राहतं.

सूचना दिल्यावर "समजलं ना?" हा प्रश्न बंद करायला लावा. "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल ते सांगा" असं विचारायचं. चुकीचं उत्तर आलं तर दोष सांगणाऱ्याचा.

या सत्रात म्हातारपणाचा अनुभव देणारा सराव बरेच जण घेतात: चष्म्याच्या काचेला व्हॅसलीन, कानात बोळे, हातात जाड मोजे, गुडघ्याला घट्ट पट्टी, आणि मग औषधाची पट्टी फोडायची, फॉर्म भरायचा. सराव चांगला आहे, पण १० मिनिटांहून जास्त लांबवू नका आणि त्यानंतर तेवढाच वेळ बोलायला ठेवा. नुसता सराव करून सोडलं तर "म्हातारपण किती भयानक" एवढंच मनात राहतं आणि रुग्णाविषयी कीव वाढते. चर्चेत एकच प्रश्न धरा: तुमच्या वॉर्डात यातलं काय उद्या बदलता येईल? उत्तरं साधी येतात: फॉर्मची अक्षरं मोठी करणं, रात्री शौचालयाकडे दिवा ठेवणं, पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर ठेवणं. त्यातली दोन त्याच आठवड्यात करून घ्या.

तिसरं आणि चौथं सत्र: डिलिरियम

याला दोन सत्रं द्यावीत, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही इथेच होतं. डिलिरियम म्हणजे काही तासांत किंवा दिवसांत आलेला, दिवसभरात कमीजास्त होणारा मेंदूचा गोंधळ. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्या-वर्षांत वाढतो. दोन्ही एकाच माणसात एकत्र असू शकतात, उलट डिमेन्शिया असलेल्याला डिलिरियम होण्याचा धोका जास्त असतो. आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. पण गप्प पडून राहणारा, झोपाळलेला, दोन घास खाऊन तोंड फिरवणारा रुग्ण "शांत आहे" म्हणून नोंदला जातो. हा शांत प्रकार हमखास निसटतो. "आज फार शहाण्यासारखे वागताहेत" हे वाक्य हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवताना, आलं की तपासायचंच, असा नियम करा.

तपासणीसाठी ४एटी ही चाचणी शिकवा. दोन मिनिटांत होते, वेगळं साहित्य लागत नाही.

१. सावधपणा: जागं आणि सावध असेल, किंवा उठवल्यावर १० सेकंदांत नीट सावध होत असेल तर ०. स्पष्टपणे गुंगीत किंवा अतिअस्वस्थ असेल तर ४.
२. चार प्रश्न: वय, जन्मतारीख, ही जागा कोणती, चालू वर्ष. सगळे बरोबर ०, एक चूक १, दोन किंवा जास्त चुका २.
३. लक्ष: वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. सात किंवा जास्त बरोबर ०, सुरू केलं पण सातपर्यंत पोचले नाहीत किंवा नकार दिला तर १, तपासताच येत नसेल तर २.
४. अचानक बदल: गेल्या दोन आठवड्यांत सुरू झालेला आणि गेल्या २४ तासांतही दिसलेला बदल किंवा चढउतार असेल तर ४.

बेरीज ४ किंवा जास्त आली तर डिलिरियम असण्याची शक्यता धरून डॉक्टरांना लगेच कळवायचं. १ ते ३ आली तर स्मृती आणि आकलनाची सविस्तर तपासणी लागेल. चौथा मुद्दा रुग्णाला विचारून कळत नाही, नातेवाईक किंवा आधीच्या शिफ्टला विचारावं लागतं. पहिल्या सत्रात लिहून ठेवलेली पूर्वस्थिती इथे कामाला येते. ती नोंद नसेल तर ही चाचणी लंगडी पडते.

दुसऱ्या चुकीकडेही लक्ष द्या: लक्षाची तपासणी ऐकू न येणाऱ्या माणसावर करून त्याला गोंधळलेला ठरवणं. आधी चष्मा आणि श्रवणयंत्र लावा, मग प्रश्न विचारा. कधीच शाळेत न गेलेल्या माणसाला महिने उलटे येत नसतील तर त्याच्या घरच्यांना विचारा, आधी येत होते का.

डिलिरियम सापडला की कारण शोधायचा क्रम हातांनी पाठ व्हायला हवा. नवीन किंवा अचानक बंद केलेलं औषध, जंतुसंसर्ग, ऑक्सिजन, साखर किंवा सोडियमची पातळी बिघडणं, पाणी कमी पडणं, दुखणं, आणि ज्या दोन गोष्टी कुणी पाहत नाही त्या, तुंबलेली लघवी आणि बद्धकोष्ठता. ओटीपोटावर हात ठेवून पाहणं आणि शौचाला शेवटचं कधी झालं ते विचारणं, याचा सराव प्रत्येकाने करावा. तापाबाबत सांगून ठेवा की अशक्त वृद्धांत तोंडाने मोजलेलं ३७.८ अंश सेल्सिअस हेही तापच समजायचं, आणि नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाची वाढसुद्धा.

त्याच वेळी न बोलावता करायची कामं: दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार आणि शांतता, घड्याळ आणि दिनदर्शिका डोळ्यांसमोर, ओळखीचा माणूस जवळ, पाणी हातात, दिवसातून निदान तीन वेळा पलंगाबाहेर. रात्री रक्तदाब मोजायला उठवणं खरोखर गरजेचं आहे का, हा प्रश्न रोज विचारायचा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातलेला असेल तर तो आज का हवा, याचं लेखी कारण मागायचं, कारण सापडलं नाही तर काढायचा. हात बांधणं आणि झोपेचं इंजेक्शन यांनी वॉर्ड शांत होतो, डिलिरियम मात्र लांबतो आणि दुखापतीही वाढतात. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला खरोखर धोका करत असेल आणि बाकी सगळं करून झालं असेल, तेव्हाच औषध, तेही कमीत कमी मात्रेत आणि थोड्याच काळासाठी. हा भाग नुसता सांगून उतरत नाही. एकाला गोंधळलेल्या रुग्णाची भूमिका द्या, "मला घरी जायचंय, गाडी चुकेल" असं म्हणायला लावा, आणि दुसऱ्याला वाद न घालता, खोटंही न बोलता बोलायला सांगा. "घरी कोण वाट बघतंय?" असं विचारणारा लवकर जमवून घेतो.

पाचवं सत्र: औषधं

सत्राला एका रुग्णाची सगळी औषधं पिशवीसकट टेबलावर मांडा, अर्थातच परवानगी घेऊन आणि नाव झाकून. घरातली, दुकानातून परस्पर आणलेली, जडीबुटीची, डोळ्यांचे थेंब, सगळी. प्रत्येक औषधाला तीन प्रश्न: कशासाठी सुरू केलं, अजून गरज आहे का, आणि आजच्या तक्रारीमागे हेच नाही ना?

तिसऱ्या प्रश्नातून साखळ्या सापडतात. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीमुळे पाय सुजतात, सूज उतरवायला लघवीचं औषध सुरू होतं, त्याने रात्री चार वेळा उठावं लागतं, आणि अंधारात शौचालयाकडे जाताना रुग्ण पडतो. मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या औषधामुळे हातपाय थरथरतात आणि पार्किन्सनचं औषध जोडलं जातं. गटाला साखळीचं शेवटचं टोक द्या आणि उलटं मागे जायला लावा.

झोपेच्या बेंझोडायझेपिन गोळ्या, अ‍ॅलर्जीची जुनी औषधं जसं क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन, पार्किन्सनवरचं ट्रायहेक्सिफेनिडिल, ही नावं प्रत्येकाच्या ओठांवर असावीत. यांनी गोंधळ वाढतो किंवा तोल जातो, आणि बेंझोडायझेपिन सोडून बाकीची शौच-लघवीही अडवू शकतात. वृद्धांत टाळायच्या औषधांची बीअर्स यादी १९९१मध्ये प्रथम आली आणि तिची सुधारित आवृत्ती २०२३मध्ये निघाली. यादी म्हणजे बंदी नाही, ते थांबून विचार करायचं ठिकाण आहे, हे स्पष्ट सांगा. औषधं कमी करताना एका वेळी एकच, आणि बरेच दिवस घेतलेलं बेंझोडायझेपिन एकदम कधीच बंद करायचं नाही. ते आठवड्या-महिन्यांत हळूहळू उतरवावं लागतं, नाहीतर फिट्स येऊ शकतात.

किडनीचं गणित फळ्यावर करून घ्या. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, आणि किडनी मिनिटाला किती रक्त त्यातून साफ करते याचा हा अंदाज. वजन किलोत, क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये धरायचं. (१४० − वय) × वजन, भागिले (७२ × क्रिएटिनिन), स्त्री असेल तर गुणिले ०.८५. वय ८२, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.० असलेल्या बाईंचा आकडा येतो मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर. रिपोर्टवर क्रिएटिनिन "नॉर्मल" छापलेलं असतं आणि किडनीचं काम मात्र बरंच कमी झालेलं असतं, कारण स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिनही कमीच तयार होतं. हे एक उदाहरण करून घेतलं की मात्रा तपासण्याची सवय लागते.

सहावं सत्र: उठणं, चालणं, पडणं

आधी रक्तदाब. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना रक्तदाब पडतो आहे. बसवून एकदाच मोजला तर हे सापडत नाही. उभं करताना एक माणूस शेजारी हवाच.

मग चालण्याची चाचणी: हाताच्या खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं, नेहमीच्या चपला-बूट आणि काठीसह. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरा. नुसता आकडा लिहून थांबू नका, उठताना हातांवर जोर दिला का, वळताना अडखळले का, तेही लिहा. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीला यावी, आणि काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. चुकीच्या हातातली काठी दर वॉर्डात सापडते.

पलंगावरून चाकाच्या खुर्चीवर नेणं प्रत्येकाकडून निदान तीन वेळा करून घ्या, आधी एकमेकांवर. खुर्ची रुग्णाच्या बळकट बाजूला थोडी तिरकी लावा. दोन्हीकडचे ब्रेक लावा, पायपट्ट्या बाजूला करा, पायांत न घसरणारं काहीतरी घाला. रुग्णाला पलंगाच्या कडेपर्यंत पुढे सरकवा, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकायला सांगा. मग तीन आकडे मोजून त्यांनाच उठू द्या, आपण त्यांच्या कमरेला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्याला धरून फक्त साथ द्यायची. काखेत हात घालून उचलणं पूर्ण बंद, त्याने खांदा दुखावतो आणि अर्धांगवायूनंतरच्या हाताला तर फारच. घाई करून उचलून ठेवलं की वेळ वाचतो, पण रुग्णाचं उठणं आठवडाभरात सुटतं.

या सत्राच्या शेवटी त्वचा आणि भरवणं थोडक्यात घ्या. दर दोन तासांनी कूस बदलणं हा सुरुवातीचा नियम, कूस ३० अंशांची, टाचा उशीने अधांतरी. लाल जागा बोटाने दाबून सोडल्यावर फिकी पडत नसेल तर शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू झालं आहे, तिथे चोळायचं नाही. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताने उष्णता आणि कडकपणा तपासायचा. मध्ये भोक असलेल्या गोल उश्या वापरू नयेत. भरवताना पूर्ण सरळ बसवावं, कवळी लावावी, भरवणाऱ्यानेही बसावं, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नये. तोंडाची स्वच्छता रोज दोनदा. ती टाळली की न्यूमोनियाचा धोका वाढतो.

"तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?"

यासाठी वेगळं सत्र नको, हा प्रश्न सहाही सत्रांत विचारायचा. कुणाला नातवाच्या लग्नात दोन तास बसायचं असतं, कुणाला नळ्या नको असतात, कुणाला फक्त स्वतः शौचालयात जायचं असतं. उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर, रुग्णाच्याच शब्दांत लिहायचं. नवीन तपासणी किंवा उपचार सुचवताना ते पान आधी वाचायचं. रुग्णाला काय महत्त्वाचं, औषधं, मन आणि हालचाल ही चौकट २०१७पासून वृद्धस्नेही रुग्णसेवेत रूढ झाली आहे, आणि फाईलचा कागद त्याच चार रकान्यांत आखला तर नवीन माणसालाही चटकन वापरता येतो.

काम झालं की नाही ते कसं ओळखावं

लेखी परीक्षेवर विसंबू नका. प्रशिक्षणाआधी वॉर्डातल्या कोणत्याही २० फाईल काढा आणि चार गोष्टी मोजा: दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती लिहिली आहे का, दाखल झाल्यापासून २४ तासांत ४एटी झाली का, कॅथेटरचं कारण लिहिलंय का, आणि पहिल्या ४८ तासांत रुग्ण पलंगाबाहेर बसला का. सत्रं संपल्यावर एका महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा २० फाईल. पडण्याच्या नोंदी सुरुवातीला वाढलेल्या दिसू शकतात, कारण लोक आता लिहू लागलेले असतात. त्यावरून कुणाला बोल लावला तर लिहिणंच थांबेल.

तीन महिन्यांनी आकडे खाली घसरले तर सगळं पुन्हा शिकवू नका. कोणती गोष्ट सुटली ते पाहा आणि अडचण शोधा. बऱ्याचदा ज्ञान असतं, पण खुर्ची नसते, कमरेचा पट्टा कपाटात कुलूपबंद असतो, किंवा फॉर्मवर पूर्वस्थितीचा रकानाच छापलेला नसतो. तो रकाना छापून घ्या, पट्टा पलंगाच्या दांडीला अडकवा, आणि प्रत्येक गटातून शिकवायला उत्सुक असलेले दोघे, त्यात एक मदतनीस, निवडून पुढच्या गटाची दोन सत्रं त्यांच्याकडे सोपवा.